आधी गिऱ्हाईक, मग मशीन

वाचकाचं पत्र

मॅडम, सप्रेम नमस्कार.

मी ३८ वर्षांचा आहे, मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय. चाकणच्या एका ऑटो कंपोनंट कंपनीत १२ वर्षं झाली. ऑपरेटर म्हणून लागलो, आज व्हीएमसीचं (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनचं) प्रोग्रॅमिंग, सेटिंग, फिक्स्चर (मशीनवर नग पक्का धरायचं साधन) सगळं मीच बघतो. हातात ७२ हजार येतात. एप्रिलमध्ये मॅनेजरची जागा रिकामी झाली. ती मलाच मिळणार असं सगळे धरून चालले होते, पण बाहेरून एक मुलगा आणला. त्याला लाईन मीच समजावून देतोय. तेव्हापासून कामावरून मन उडालंय.

आमचे जुने साहेब आता दुसऱ्या कंपनीत परचेसला, म्हणजे खरेदी विभागात आहेत. ते म्हणतात, "तू मशीन टाक, काम मी देतो." दुचाकीच्या ऑईल पंपाची बॉडी आहे. सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, ११ मिनिटं, नगाला ८२ रुपये ५० पैसे, पेमेंट ९० दिवसांनी. मशीनचं कोटेशन २८ लाख अधिक १८ टक्के जीएसटी. बँक २५ लाख देईल असं एजंट म्हणतो. माझे साडेसहा लाख एफडीत आहेत. मेहुण्यांनी चिखलीच्या बाजूला २५ हजार भाड्याचा गाळा बघून ठेवलाय. दसऱ्याला मशीन बसवू म्हणतात, पंधरवड्यात डिपॉझिट द्यायचंय.

बायको खासगी शाळेत शिक्षिका आहे, पगार २४ हजार. मुलगा सातवीत. आईला मधुमेह आहे, ती कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आहे. होम लोनच्या हप्त्यासकट घरखर्च ५८ हजार. बायको म्हणते, "तुमचं मन तिथे नाही हे मला दिसतंय, पण माझ्या पगारात घर चालणार नाही." भोसरीतले दोन वर्कशॉपवाले अधूनमधून प्रोग्रॅमसाठी बोलावतात, दीड-दोन हजार देतात. तेवढंच वरचं काम. वय निघून चाललंय असं सारखं वाटतं. राजीनामा कधी देऊ?

— एक वाचक, भोसरी

उत्तर

नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारणं मागाहून सांगते. नोकरी सोडा. तुमच्या हातात जे कसब आहे त्यावर स्वतंत्र काम उभं राहू शकतं, याबद्दल मला शंका नाही. पण दसऱ्याला सोडू नका, आणि या मशीनसाठी, या ऑर्डरच्या भरवशावर तर मुळीच सोडू नका.

नोकरीची बरीच वर्षं मी बँकेत लघुउद्योगांच्या कर्जाच्या टेबलावर होते. भोसरी, तळवडे, चाकण हाच माझा भाग. साठच्या दशकात टेल्को आणि बजाज या पट्ट्यात आल्या. त्यांच्या भोवती जी शेकडो वर्कशॉप उभी राहिली, त्यातली कितीतरी अशाच कारखान्यांतून बाहेर पडलेल्या माणसांनी टाकली आहेत. मशीनवर उभं राहून शिकलेला माणूस मालक होतो, ही इथली जुनी आणि अभिमानाची रीत आहे. म्हणून तुमचा विचार मला वेडा वाटत नाही. मला काळजी आहे ती तुम्ही लिहिलेल्या आकड्यांची.

पण त्याआधी एप्रिलबद्दल. बारा वर्षं लाईन सांभाळायची आणि वरच्या खुर्चीवर बाहेरचा माणूस आणून बसवायचा, वर त्याला शिकवायचंही आपणच, हे कुणालाही लागेल. ते मनाला लावून घेऊ नका असं मी सांगणार नाही. एवढंच म्हणेन की कंपनीत तुमचा रस्ता कुठवर आहे हे एप्रिलमध्ये कळलं, आणि ही माहिती तुमच्या कामाची आहे. बाहेर पडायचं का, हे त्यावर ठरवा. कधी पडायचं, हे मात्र रागाला ठरवू देऊ नका. रागात धरलेल्या मुहूर्तांची कर्जं मी पाहिली आहेत. तिथे माणूस दर घासाघीस न करता मान्य करतो, कारण त्याला काम मिळवायचं नसतं, कुणाला तरी दाखवून द्यायचं असतं.

आता वही घ्या आणि माझ्याबरोबर मांडत चला. जमलं तर बायकोला शेजारी बसवा.

मशीन २८ लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ५ लाख ४ हजार. एकूण ३३ लाख ४ हजार. बँकेचे २५ लाख वजा केले तर तुम्ही घालायचे ८ लाख ४ हजार. जीएसटीचं क्रेडिट मिळेल हे खरं, पण ते पुढच्या बिलांवर, हळूहळू. मशीन घेताना ती रक्कम रोख भरावी लागते, आणि ज्याचं क्रेडिट मिळतं तो जीएसटी बँका बहुधा कर्जात धरत नाहीत. एजंट हे सांगत नाही. तुमचे एफडीतले साडेसहा लाख आणि ग्रॅच्युइटी मिळून ते आठ लाख कसेबसे निघतील. ग्रॅच्युइटीचा हिशेब असा: मूळ पगार अधिक महागाई भत्ता ३२ हजार धरला, तर त्याला १५ ने गुणून २६ ने भागायचं आणि १२ वर्षांनी गुणायचं. साधारण २ लाख २१ हजार येतात. नव्या कामगार संहितेत वेतनाची व्याख्या बदलली आहे, तेव्हा नेमका आकडा एचआरकडून लेखी घ्या. म्हणजे मशीन फाउंडेशनवर बसेल त्या दिवशी तुमच्या हातात उरतात ६७ हजार. त्यातून गाळ्याचं डिपॉझिट, थ्री फेजचं कनेक्शन, कॉम्प्रेसर, पहिली टूलिंग आणि मोजमापाची साधनं. आणि घर.

आता महिन्याचं बघू. दोन शिफ्ट, २६ दिवस. आठ तासांच्या शिफ्टमध्ये चहा-जेवण, टूल बदलणं, ऑफसेट घेणं, नग तपासणं जाऊन कटिंग साडेसहा तास मिळालं तर चांगलं म्हणायचं, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. झाले ३३८ तास. अकरा मिनिटांना ८२ रुपये ५० पैसे म्हणजे ताशी ४५० रुपये. महिन्याचं बिल १ लाख ५२ हजार १००.

खर्च असा. २५ लाखांवर ११ टक्के व्याज आणि पाच वर्षं मुदत धरली तर हप्ता ५४ हजार ४००. गाळा २५ हजार. पहिली शिफ्ट तुम्ही स्वतः चालवाल असं धरते, दुसऱ्या शिफ्टचा ऑपरेटर २२ हजार. वीज १८ हजार. इन्सर्ट (कापणारी बदलती पाती), ड्रिल, टॅप, कूलंट, तेल मिळून १५ हजार. टेम्पो, विमा, अकाउंटंट ८ हजार. हप्ता आणि भाडं सोडून बाकीचे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुम्ही तुमचे घाला, पण फार खाली जाणार नाहीत. बेरीज १ लाख ४२ हजार ४००.

राहिले ९ हजार ७००. आज तुम्ही ७२ हजार घरी आणता.

आणि हे सगळं सायकल टाइम खरोखर अकरा मिनिटं आहे असं धरून. तो कुठे मोजलाय? त्यांच्याकडच्या नव्या मशीनवर, हायड्रॉलिक फिक्स्चर लावून, की कागदावर? नग चढवणं-उतरवणं त्यात धरलंय का? बर (कडांना राहिलेली धार) काढणं, एअर मारणं, गेज लावणं? तुमच्या मशीनवर, हाताने आवळायच्या फिक्स्चरवर तो तेरा मिनिटांवर गेला तर तेच महिन्याचं बिल १ लाख २८ हजार ७०० होतं. म्हणजे घरात एक रुपया न नेता महिन्याला जवळपास १३ हजार ७०० खिशातून घालायचे. नगामागे फक्त दोन मिनिटांचा फरक.

पहिले चार महिने तर याहून अवघड. आज काम सुरू केलं तर पहिलं बिल महिन्याअखेरीला, त्याचे पैसे ९० दिवसांनी, म्हणजे पाचव्या महिन्यात. बँकेकडून सहा महिने हप्ता पुढे ढकलून मिळू शकतो, पण व्याज चालूच राहतं, २५ लाखांवर महिन्याला २३ हजारांच्या आसपास. हप्ता सोडूनचा खर्च महिन्याला ८८ हजार, चार महिन्यांचा साडेतीन लाख. घराची तूट, म्हणजे ५८ हजारांतून बायकोचे २४ वजा जाता ३४ हजार, चार महिन्यांची १ लाख ३६ हजार. व्याज न धरताही जवळजवळ पाच लाख लागतात आणि तुमच्याकडे ६७ हजार आहेत. इथे माणसं काय करतात ते सांगते: बायकोचे दागिने, मग होम लोनवर टॉप-अप, मग क्रेडिट कार्ड, मग ओळखीतल्याकडून टक्क्याने. धंदा वाईट नसतो. खेळतं भांडवल नसतं. चांगल्या कारागिरांची वर्कशॉप बंद पडताना मी पाहिली, ती बहुतेक याच ठिकाणी.

आता साहेबांच्या शब्दाविषयी. "तू मशीन टाक, काम मी देतो" हे वाक्य भोसरीत इतक्यांनी ऐकलंय की त्यावर वेगळी फाईल करता आली असती. तुमचे साहेब खोटं बोलतायत असं मी म्हणत नाही. ते मनापासूनच बोलत असतील. पण परचेसचा माणूस स्वतःच्या खुर्चीपुरता शब्द देऊ शकतो. त्यांची बदली झाली, त्यांनीच कंपनी सोडली, शेड्यूल, म्हणजे महिन्याची मागणी, निम्म्यावर आलं, तर त्या शब्दावर तुम्ही काढलेलं कर्ज तुमच्याच नावावर राहतं. २०१९ मध्ये गाड्यांची विक्री घसरली तेव्हा कंपन्यांनी ब्लॉक क्लोजर घेतले, म्हणजे काही दिवस कारखाने बंद ठेवले, आणि इथल्या लहान वर्कशॉपमध्ये दोन शिफ्टची एक झाली. बँकेचा हप्ता एका शिफ्टचा होत नाही.

शिवाय तो पार्ट बघा. ऑईल पंपाची बॉडी म्हणजे इंजिनाचा भाग. विजेवर चालणाऱ्या दुचाकीला इंजिन ऑईलचा पंप लागत नाही. पेट्रोलच्या दुचाकी उद्या बंद होणार नाहीत, पण तुमचं कर्ज पाच वर्षांचं आहे. हा पार्ट कुठल्या मॉडेलला जातो आणि ते मॉडेल किती वर्षं चालेल असं कंपनी धरतेय, हे विचारायला लाजू नका.

आणखीही विचारा. सध्या हा पार्ट कोण बनवतंय, आणि त्याच्याकडून का काढताय? जुना व्हेंडर पैसे वेळेवर मिळत नाहीत म्हणून सोडून जात असेल, तर ते तुम्हाला आजच कळायला हवं. फिक्स्चर आणि गेज कुणाचे? इन्सर्टचा खर्च दरात धरलाय का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, कास्टिंगमध्ये, म्हणजे फाउंड्रीतून आलेल्या ओतीव नगात, ब्लोहोल (आतलं पोकळ भोक) निघाला तर काय? तुम्ही दहा मिनिटं मशिनिंग केलंत, शेवटच्या बोअरला फिनिश कट घेतला आणि आत सुईच्या टोकाएवढं भोक दिसलं. चूक फाउंड्रीची. नग मात्र रिजेक्ट. मशिनिंगचे पैसे मिळणार का? की कास्टिंगची किंमतही डेबिट नोट लावून तुमच्याच बिलातून कापणार? मटेरियल रिजेक्शन कुणाच्या माथी, हे ऑर्डरवर लिहून घेतलं नसेल तर ते नेहमी लहान माणसाच्या माथी येतं. शंभरात चार नग असे निघाले आणि कास्टिंगची किंमतही कापली, तर वरचे ९ हजार ७०० तिथेच संपू शकतात.

पेमेंटचं तर कायद्यातच आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना माल किंवा सेवा घेतल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, लेखी करार असला तरी त्याहून पुढे जाता येत नाही, हे २००६ च्या एमएसएमई कायद्यात स्पष्ट आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरातही तरतूद आली की अशी देणी मुदतीत दिली नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षीच वजावट म्हणून मिळतो. त्यामुळे मोठ्या कंपन्यांचे अकाउंट्सवाले आता उद्यम नोंदणीचा नंबर आवर्जून मागतात. ही नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. पण खरं सांगायचं तर ज्याच्याकडून पुढच्या महिन्याचं शेड्यूल हवंय त्याच्याविरुद्ध कुणी तक्रार करत नाही. म्हणून हा कायदा भांडण झाल्यावर काढू नका, ऑर्डर घेण्याआधी काढा: "साहेब, ४५ दिवसांच्या पुढचं पेमेंट मला घेता येणार नाही, तुमच्याही टॅक्सचा प्रश्न येतो." कंपनीची उलाढाल २५० कोटींच्या वर असेल तर तिला ट्रेड्स या बिलं वटवण्याच्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर नोंदणी सक्तीची आहे. तिथे कंपनीने बिल मान्य केलं की ते वटवून थोड्या दिवसांत पैसे मिळतात. त्यांची नोंदणी आहे का आणि व्हेंडरांची बिलं खरंच तिथे मान्य करतात का, हे विचारा.

एवढं सगळं नकारात्मक वाचून तुम्ही पत्र बाजूला ठेवण्याआधी, तुमच्याच पत्रातल्या एका ओळीकडे या. मला ती सगळ्यात मोलाची वाटली आणि तुम्ही ती सहज लिहून टाकली आहे. भोसरीतले दोन वर्कशॉपवाले तुम्हाला प्रोग्रॅमसाठी बोलावतात.

का बोलावतात? त्यांच्याकडे मशीन आहे. कर्ज काढून घेतलेलं, कदाचित तुमच्या कोटेशनमधल्यापेक्षा चांगलं. त्यांच्याकडे ऑपरेटरही आहेत. नसतो तो नवा पार्ट आला की ड्रॉइंग वाचून, कुठे धरायचा ते ठरवून, फिक्स्चर सुचवून, प्रोग्रॅम करून पहिला नग पास करून देणारा माणूस. त्या दोन दिवसांसाठी त्यांचं मशीन उभं असतं, आणि उभ्या मशीनचं नुकसान तुम्ही आत्ताच वहीत मांडलंत. तुम्ही जाऊन ते चालू करून देता आणि दीड हजार घेऊन येता. नगावरचं जॉबवर्क करायला पट्ट्यात हजार मशीनं आहेत, म्हणून तिथे दर ताशी साडेचारशे आहे. सेटिंग आणि डेव्हलपमेंट करून देणारी माणसं थोडी आहेत. तुम्ही जे दुर्मिळ आहे ते वरचं काम म्हणून विकताय, आणि जे जागोजाग मिळतं त्यासाठी २५ लाखांचं कर्ज काढताय.

तर पहिलं स्वतंत्र काम हे करा. नुसता प्रोग्रॅम विकू नका. फिक्स्चरची कल्पना, प्रोग्रॅम, सेटिंग, पहिला नग पास आणि ऑपरेटरला समजावून देणं असं सगळं मिळून एक काम, त्याचा एक दर, बिलावर. दर ठरवताना स्वतःचे तास मोजू नका, त्यांचं मशीन किती दिवस आधी चालू होतं ते मोजा. भोसरीत गुरुवारी सुट्टी आणि तुमची कदाचित रविवारी असेल, तर तुमच्या सुट्टीच्या दिवशी वर्कशॉप चालू असतात. एकेका वर्कशॉपात जा, मालकाला विचारा की नवा पार्ट डेव्हलप करताना कुठे अडतं.

इथे एक गोष्ट सरळ बोलायला हवी. तुमच्या नेमणूकपत्रात नोकरीत असताना दुसरं काम करू नये असं कलम बहुधा असेल. ते काढून वाचा. असेल तर एचआरकडे लेखी परवानगी मागा, कंपनीच्या व्यवसायाशी स्पर्धा नाही आणि सुट्टीच्या दिवशीचं काम आहे असं स्पष्ट लिहून. काही कंपन्या देतात. नाही म्हणाले तर आजवर जे अधूनमधून करत आलात तेही थांबवा. अशा वेळी बाहेरच्या कामाचा अंदाज राजीनाम्यानंतरच घ्यावा लागेल, म्हणून घराची शिल्लक जास्त साठवून मग निघा. आणि काही झालं तरी कंपनीचं सॉफ्टवेअर लायसन्स, कंपनीचे प्रोग्रॅम, कंपनीची ड्रॉइंग पेन ड्राइव्हवर घेऊ नका. ते चोरी आहे म्हणून तर नकोच, आणि या पट्ट्यात बातमी संध्याकाळपर्यंत पसरते म्हणूनही नको. स्वतःचं लायसन्स घ्या, छोटं का होईना.

मग राजीनामा कधी? दोन गिऱ्हाइकं हवीत, एकमेकांच्या ओळखीतून न आलेली. दोघांनीही तुम्हाला दुसऱ्यांदा काम दिलेलं असावं, आणि त्या दुसऱ्या कामाचे पैसे बिलाप्रमाणे बँकेत जमा झालेले असावेत. पहिलं काम ओळखीने मिळतं, दयेनेही मिळतं. दुसरं काम फक्त उपयोग झाला म्हणून मिळतं. तुमचे साहेब त्या दोघांत धरू नका, ते तिसरे. त्याच्या जोडीला घराची नऊ महिन्यांची तूट, म्हणजे ३४ हजारांनी ३ लाख ६ हजार, बायकोच्या नावाच्या वेगळ्या खात्यात ठेवा. त्या पैशांना धंद्याने हात लावायचा नाही, एक दिवसापुरताही नाही. तुमच्याकडे आज साडेसहा लाख आहेत, म्हणजे हा भाग तुम्ही आजच पूर्ण करू शकता. मशीनशिवाय निघालात तर तुम्हाला महिन्याला दीड लाख उभे करायचे नाहीत. घराची तूट, आईचा विमा, सॉफ्टवेअर आणि पेट्रोल धरून ५० हजारांवर भागतं. ५० हजारांसाठी महिन्याला किती कामं लागतात हे तुम्हाला दोन-तीन कामं बिलावर केलीत की कळेल.

मशीन कधी घ्यायचं तेही यातूनच ठरेल. डेव्हलपमेंटचं काम करता करता छोटे लॉट तुमच्याकडे येतील. ते दुसऱ्याच्या रिकाम्या मशीनवर तास भाड्याने घेऊन काढा. तीन-चार महिने सलग रोज जवळपास एक शिफ्ट भाड्याने लागू लागली, की मशीन घ्या. तेव्हा खरा सायकल टाइम तुम्हाला माहीत असेल, दर तुम्ही सांगितलेला असेल, आणि नव्याऐवजी चांगलं वापरलेलं मशीन चालेल का, हेही डोकं शांत ठेवून ठरवता येईल. स्पिंडलचा आवाज आणि टेस्ट बारवर डायल फिरवून तुम्हाला जे कळतं ते बँकेच्या व्हॅल्युअरला कळत नाही.

त्या वेळी कर्जासाठी घर तारण ठेवू नका. लघुउद्योगांसाठी सीजीटीएमएसईची हमी २००० सालापासून आहे, तारण न घेता कर्ज द्यायला बँकेला तिचा आधार असतो. मॅनेजरशी त्याच नावाने बोला. राज्य सरकारचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ पासून आहे, अर्ज जिल्हा उद्योग केंद्रामार्फत जातो. पण ही योजना नव्या उद्योगासाठी आहे. आधी मशीन टाकून मग अर्ज केला तर उपयोग नाही. आणि अनुदान हातात रोख मिळत नाही, ते बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून राहतं आणि मग कर्जात वळतं होतं. पहिल्या वर्षाच्या हिशेबात ते धरायचं नाही.

आईबद्दल मात्र आजच हालचाल करा, राजीनाम्याची वाट न बघता. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम तुमच्या शेवटच्या दिवशी संपतो. बाहेर नवी पॉलिसी घ्यायला गेलात तर मधुमेहासारख्या आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा लावता येते. ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय आहे, आणि ग्रुपमध्ये काढलेल्या वर्षांचा फायदा तिथे धरला जातो. पण विमा कंपनी तपासणी करून ठरवते, म्हणून अर्ज ग्रुपमधून बाहेर पडण्याआधीच द्या. एचआरकडून विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी नंबर घ्या, प्रीमियम विचारून ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेवढा बोजा कमी झालाय. आईचा विमा हातात आल्याशिवाय राजीनामा टाइपसुद्धा करू नका. एक हॉस्पिटलचं बिल नऊ महिन्यांची शिल्लक एका आठवड्यात खाऊ शकतं.

पीएफ मशीनच्या मार्जिनसाठी, म्हणजे कर्जाशिवाय स्वतः घालायच्या रकमेसाठी, काढायचा नाही. कर्मचारी पेन्शन योजनेत तुमची दहा वर्षं पूर्ण झाली आहेत, त्यामुळे ५८ व्या वर्षी पेन्शनचा हक्क तुम्हाला मिळालाय. स्कीम सर्टिफिकेट घेऊन ठेवा.

गाळ्याचं डिपॉझिट देऊ नका. मेहुण्यांना वाईट वाटेल, पण त्यांना सांगायला तुमच्याकडे आता आकडे आहेत. चिखलीच्या बाजूचा स्वस्त गाळा ऐकला की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो परवानगीचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखली-कुदळवाडीत महापालिकेने हजारो अनधिकृत पत्राशेड पाडले. त्यात भाड्याने बसलेले कितीतरी लघुउद्योजक होते, ज्यांना मशीन हलवायला जागासुद्धा सापडत नव्हती. पुढे कधी गाळा घ्याल तेव्हा बांधकाम परवानगी, मिळकतकराची पावती आणि मंजूर वीजभार स्वतः बघा.

बायकोला तुम्ही काय उत्तर दिलंत ते पत्रात नाही. तिने तुम्हाला अडवलेलं नाही, तिने एक आकडा सांगितला आहे. तो बरोबर आहे. तिच्याशी धाडसाबद्दल बोलू नका, त्या वेगळ्या खात्याबद्दल बोला, आणि खात्यात किती उरले की तुम्ही पुन्हा नोकरी शोधाल हे आजच दोघांनी मिळून ठरवून लिहून ठेवा. मी एक लाख म्हणेन. तुमच्यासारख्या सेटरला या पट्ट्यात नोकरी परत मिळते, ३८ व्या वर्षी आणि ४० व्या वर्षीही. वय निघून चाललंय ही भीती मला समजते, पण या कामात तुमची किंमत हातातल्या वर्षांनी वाढलेली आहे.

साहेबांना फोन करा आणि सांगा की मशीन आत्ता टाकत नाही, पण या पार्टचं डेव्हलपमेंट करून द्यायला मला आवडेल, त्यासाठी आधी आमच्या कंपनीची परवानगी घेतो. त्यांना खरंच तुमचं कौशल्य हवं असेल तर ते थांबतील.

आणि निघताना नीट निघा. नोटीस पूर्ण भरा, त्या नव्या मॅनेजरला प्रत्येक पार्टची सेटिंग शीट लिहून द्या, काही हातचं राखू नका. दोन वर्षांनी त्यालाच एखादा अडलेला पार्ट बाहेर द्यायचा असेल. ग्रॅच्युइटीचा अर्ज शेवटच्या आठवड्यातच द्या आणि पोच घ्या. तीस दिवसांत ती रक्कम देणं कंपनीवर बंधनकारक आहे. ती आली की तिच्यातून आधी आईच्या पॉलिसीचा वर्षाचा प्रीमियम भरा, उरलेली धंद्याच्या खात्यात टाका.